चाक गोल दिसायला हवं

२७ इंची साधा मॉनिटर आणि ३४ इंची अल्ट्रावाइड मॉनिटर शेजारी शेजारी ठेवा आणि शिंप्याची टेप घेऊन दोघांची उंची मोजा. पहिल्याची भरते १३.२ इंच, दुसऱ्याची १३.१. माझ्या पुतण्याला मी हे मोजायला लावलं तेव्हा त्याने टेप दोनदा लावली. मग म्हणाला, "काका, मग हे सात इंच गेले कुठे?"

गेले ते सगळे आडवे. पडद्याचे इंच म्हणजे एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचा कर्ण. शाळेत पायथागोरसचा सिद्धान्त शिकलेल्या प्रत्येकाला हे कळू शकतं, पण दुकानात उभं राहिल्यावर ते कुणाच्याच लक्षात राहत नाही. याच पुतण्याच्या एका मित्राला दुकानदाराने २९ इंची अल्ट्रावाइड दिला, जुन्या २४ इंचीपेक्षा पाच इंच मोठा आहे असं सांगून. घरी टेबलावर मांडला तर तो जुन्यापेक्षा अर्धा इंच बुटका निघाला. रुंदी जवळजवळ सहा इंचांनी वाढली होती, पण त्याला हवा होता तो मोठा पडदा, आणि आपण फसलो ही भावना त्याच्या मनातून आजही जात नाही. दुकानदार खोटं बोलला नव्हता. इंच हे मापच असं आहे की पडद्याचा आकार बदलला की त्याचा अर्थ बदलतो.

हे पुस्तक त्या आकाराबद्दल आहे. रुंदी आणि उंची यांचं जे गुणोत्तर असतं, ज्याला आता सगळेच 'रेशो' म्हणतात, त्याबद्दल. सोळा बाय नऊ घ्यावा, एकवीस बाय नऊ घ्यावा, की बत्तीस बाय नऊचा तो टेबलभर पसरलेला पडदा घ्यावा, हा प्रश्न गेम खेळणाऱ्या आणि सिनेमे पाहणाऱ्या प्रत्येक घरात आज विचारला जातो. उत्तर देणारे पुष्कळ आहेत, पण बहुतेक जण रुंदीपासून सुरुवात करतात. माझं म्हणणं असं, की आधी उंची ठरवा. उंची पटली, की वाढीव रुंदी आपल्या कामाची आहे की नुसती जागा अडवणार आहे, हे आपोआप दिसायला लागतं.

हे मला मामांकडून कळलं. मामा तंबूतल्या फिरत्या सिनेमाचे ऑपरेटर होते. जत्रेच्या हंगामात गावोगाव फिरायचं, ट्रकमध्येच प्रोजेक्टर, समोर तंबूत कापडी पडदा. साधा सिनेमा असला की पडद्याच्या दोन्ही अंगांना काळं कापड सोडलेलं असायचं. सिनेमास्कोप असला की मामा प्रोजेक्टरच्या मूळ लेन्सपुढे आणखी एक जाडजूड लेन्स बसवायचे. तिला सगळे 'स्कोप' म्हणत. ती बसवण्याआधी चित्र पाहिलंत तर माणसं काठीसारखी उंच आणि बारीक, आणि बैलगाडीचं चाक उभ्या अंड्यासारखं. मामा लेन्स बसवून हलकेच फिरवायचे. चाक आधी एका अंगाला कलायचं, चित्रातली सगळी माणसं तिरकी व्हायची, मग हळूहळू सावरायची. मी पडद्याजवळ उभा. ट्रकमधून हाक यायची, "गोल झालं का रे चाक?" झालं म्हटलं की काळी कापडं बाजूला सरकायची आणि चित्र दोन्हीकडे उघडायचं.

त्या क्षणात एक गोष्ट होती जी तेव्हा नीट कळली नव्हती. चित्राची उंची तेवढीच राहायची. नायकाचा चेहरा लहान व्हायचा नाही. त्याच्या डाव्या-उजव्या हाताला शेत यायचं, रस्ता यायचा, माणसं यायची. सिनेमास्कोप म्हणजे वाढलेलं चित्र, हा अर्थ तंबूतल्या कुठल्याही माणसाला सांगावा लागत नव्हता.

या रुंद चित्राची गोष्ट टीव्हीच्या भीतीतून सुरू होते. एडिसनच्या प्रयोगशाळेत विल्यम डिक्सनने १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर चार छिद्रांच्या उंचीची चौकट ठरवली, आणि तिचा आकार चारास तीन निघाला. बोलपट आल्यावर आवाजाच्या पट्टीसाठी जागा करताना १९३२ मध्ये तो किंचित बदलून १.३७ झाला, पण पाहणाऱ्याच्या डोळ्याला फरक कळण्यासारखा नव्हता. प्रभातचा 'संत तुकाराम' (१९३६) याच चौकटीतला. अत्र्यांची 'श्यामची आई' (१९५३) याच चौकटीतली. टीव्हीनेही तोच आकार उचलला. मग अमेरिकेतला प्रेक्षक घरीच बसायला लागला, आणि त्याला परत थिएटरात आणायचं तर घरी मिळणार नाही असं काहीतरी द्यायला हवं होतं. फ्रेंच शास्त्रज्ञ आंरी क्रेतियांने १९२० च्या दशकात एक लेन्स तयार केली होती, चित्र आडवं दाबून निम्म्या रुंदीत बसवणारी. ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सने ती घेतली आणि १९५३ मध्ये 'द रोब' आला. उंचीच्या अडीचपट रुंद पडदा! आपल्याकडे गुरुदत्तने १९५९ मध्ये 'कागज़ के फूल' सिनेमास्कोपमध्ये केला, देशातला पहिला, आणि व्ही. के. मूर्तींनी त्या रुंदीत एकटेपणा कसा दाखवायचा ते दाखवून दिलं. रिकाम्या स्टुडिओत उभा एक माणूस, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पसरलेला अंधार. त्या अंधारासाठी रुंदी लागते. 'शोले' (१९७५) साध्या ३५ मिलिमीटरवर चित्रित करून ७० मिलिमीटरवर वाढवला गेला, आणि मुंबईच्या मिनर्व्हात लोकांनी तो तसा पाहिला, २.२० पट रुंद.

आणि मग हेच सिनेमे आपल्या घरी आले. दूरदर्शनवर सिनेमास्कोपचा सिनेमा लागला की दोन टोकांना उभ्या असलेल्या दोन माणसांमधला संवाद म्हणजे एक नाक, मग मधली रिकामी भिंत, मग दुसरं नाक. पुढे सीडी-डीव्हीडीच्या काळात पूर्ण चित्र दाखवण्यासाठी वर-खाली काळ्या पट्ट्या आल्या, तेव्हा घराघरांत तक्रार सुरू झाली, की हा सिनेमा छोटा का दिसतो. ती तक्रार अगदी खरी होती. थिएटरात जे चित्र सगळ्यांत मोठं, घरी तेच सगळ्यांत लहान झालं होतं. तंबूत उंची कायम ठेवून रुंदी वाढायची. घरी रुंदी कायम ठेवून उंची कापली जात होती. या विषयातला सगळा गोंधळ इथून सुरू होतो असं मला वाटतं.

सोळा बाय नऊ हा आकार या भांडणातली तडजोड आहे, आणि ती फार हुशारीने काढलेली आहे. १९८० च्या दशकात नव्या टीव्हीचा आकार ठरवायची वेळ आली, तेव्हा कर्न्स पॉवर्स या अमेरिकन इंजिनिअरने त्या काळी चालू असलेल्या सगळ्या चौकटी कागदावर घेतल्या, चारास तीनपासून २.३५ पर्यंत. सगळ्यांचं क्षेत्रफळ सारखं, सगळ्यांचा मध्यबिंदू एक. एकावर एक ठेवल्यावर असं दिसलं, की त्या सगळ्यांना सामावून घेणारी बाहेरची चौकट आणि त्या सगळ्यांत समाईक असलेली आतली चौकट, दोन्हींचं गुणोत्तर एकच येतं, साधारण १.७८. म्हणजे सोळा बाय नऊ. कोणत्याच सिनेमाचा तो मूळ आकार नव्हता, म्हणूनच कोणत्याच सिनेमावर तो फार अन्याय करत नाही. मला या आकाराबद्दल आदर आहे. क्रिकेटचं प्रक्षेपण, बातम्या, कॉलेजची व्याख्यानं, हे सगळं आज त्याच चौकटीत तयार होतं आणि तिच्यात काठोकाठ बसतं.

संगणकाचा पडदा मात्र या वाटेने उशिरा आला. दोन हजार सालानंतरच्या सायबर कॅफेत काउंटर-स्ट्राइक खेळलेल्यांना ते खोल पेटीचे मॉनिटर आठवत असतील. ८०० बाय ६००, नाहीतर १०२४ बाय ७६८. चारास तीन. त्यानंतर सोळा बाय दहाचा काळ आला. लिहिण्या-वाचण्याच्या कामाला तो आकार मला आजही सगळ्यांत चांगला वाटतो, कारण २४ इंचातच तो सोळा बाय नऊपेक्षा जवळजवळ एक इंच उंच असतो. पण टीव्ही आणि मॉनिटर एकाच प्रमाणाच्या काचेतून कापणं कारखान्यांना परवडतं, म्हणून २०१० च्या आसपास टेबलावरून तो हटला. लॅपटॉपमध्ये आता परत आला आहे, याचा आनंद आहे.

एकवीस बाय नऊ आधी टीव्हीत करून पाहिला गेला. फिलिप्सने २००९ मध्ये तसा टीव्ही काढला आणि २०१२ मध्ये बंद केला. दिवाणखान्यात सिनेमापेक्षा बातम्या आणि मालिका जास्त चालतात, त्यांच्या दोन्ही बाजूंना काळं दिसत राहणार. त्याच २०१२ च्या सुमारास हा आकार मॉनिटरच्या रूपाने टेबलावर आला आणि तिथे तो टिकला. टेबलावर काम करणाऱ्याला दोन खिडक्या शेजारी उघडता येतात, आणि गेम खेळणाऱ्याला चित्र हवं तेवढं रुंद करून मिळतं. 'एकवीस बाय नऊ' हे नाव तसं ढोबळ आहे. २५६० बाय १०८० चा पडदा २.३७ पट रुंद, ३४४० बाय १४४० चा २.३९ पट, ३८४० बाय १६०० चा २.४ पट. आजचे रुंद सिनेमे २.३९ चे असतात, तेव्हा ३४ इंची ३४४० चा पडदा त्यांना जवळजवळ मापाचा अंगरखा आहे.

आता तीच टेप पुन्हा घेऊ. २.३९ चा सिनेमा २७ इंची सोळा बाय नऊवर लावला, तर चित्राची उंची राहते जेमतेम ९.८ इंच. वर पावणेदोन इंच काळं, खाली पावणेदोन इंच काळं. तोच सिनेमा ३४ इंची अल्ट्रावाइडवर पूर्ण १३.१ इंच उंच. क्षेत्रफळ काढलं तर पावणेदोन पटींहून थोडं जास्तच भरतं. मामांनी काळी कापडं सरकवली की जे व्हायचं, ते टेबलावर होतं. रात्री खोलीतला दिवा बंद करून मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे सांगायला मला संकोच नाही.

पण एक मेख आहे, आणि पैसे मोजण्याआधी ती माहीत हवी. बऱ्याच स्ट्रीमिंग सेवांवर रुंद सिनेमा येतो तो सोळा बाय नऊच्या चौकटीत, काळ्या पट्ट्या चित्रातच भाजून. अल्ट्रावाइड पडद्याला त्या पट्ट्या म्हणजे चित्रच वाटतं. मग तो डाव्या-उजव्या बाजूला आपल्या पट्ट्या घालतो, आणि सिनेमा चारही बाजूंनी काळ्या चौकटीत मधोमध बसतो. मोजलंत तर २७ इंचीवर दिसणाऱ्या चित्राएवढाच. संगणकावर याला उपाय आहेत. ब्राउझरमध्ये चित्र वाढवून घेणारी छोटी जोडणी मिळते, आणि व्हीएलसीमध्ये 'सी' हे बटण दाबत गेलं की चित्राचा काठ कापला जातो. त्याच व्हीएलसीत 'ए' दाबलं तर चित्र ताणलं जातं, आणि चाक अंडं होतं. कापणं आणि ताणणं यांतला फरक ज्याला कळला त्याला हा निम्मा विषय कळला.

काही दिग्दर्शक आकार मध्येच बदलतात, तिथे प्रत्येक पडद्याची परीक्षा असते. नोलनच्या 'द डार्क नाइट'मध्ये (२००८) आयमॅक्सवर घेतलेले प्रसंग डिस्कवर सोळा बाय नऊचा पूर्ण पडदा व्यापतात, बाकीचा सिनेमा पट्ट्यांत. साध्या मॉनिटरवर तिथे चित्र वर-खाली उमलतं. अल्ट्रावाइडवर वाढवून पाहत असाल तर नेमका तोच प्रसंग वरून-खालून कापला जातो. वेस अँडरसनने 'द ग्रँड बुडापेस्ट हॉटेल'मध्ये (२०१४) तीन काळांसाठी तीन चौकटी वापरल्या. तिथे कोणताही पडदा संपूर्ण भरणार नाही, आणि भरायचा प्रयत्नही करू नये. अलीकडच्या वेब मालिकांत दोनास एक हा आकार खूप दिसतो. छायालेखक व्हित्तोरियो स्तोरारोने तो १९९८ मध्ये सुचवला होता. दोन्ही प्रकारच्या पडद्यांवर त्याला थोडं थोडं काळं लागतं, डोळ्याला न खुपणारं.

गेमचं गणित निराळं. सिनेमाचं चित्र कॅमेऱ्याने घेऊन ठेवलेलं असतं, गेममधलं चित्र त्या क्षणी तुमच्या पडद्यासाठी तयार होतं. त्यामुळे तिथे रुंदी म्हणजे खरोखर जास्तीचं जग, पण ते द्यायचं की नाही हे गेम बनवणाऱ्याच्या हाती. चांगल्या रीतीत उंची तशीच राहते आणि बाजूचं दृश्य उघडतं. वाईट रीतीत रुंदी तशीच ठेवून वर-खालचं कापतात, म्हणजे महागडा पडदा घेतलेल्याला कमी दिसतं. २०१६ मध्ये 'ओव्हरवॉच'बद्दल अल्ट्रावाइडवाल्यांची हीच तक्रार होती. 'व्हॅलोरंट' स्पर्धेत सगळ्यांना सारखं दिसावं म्हणून सोळा बाय नऊच्या पुढे जात नाही, बाजूला काळं ठेवतो. मला हा निर्णय न्याय्य वाटतो. 'एल्डन रिंग' (२०२२) स्पर्धेचा गेम नाही, तरी तोही बाजूंना पट्ट्याच दाखवतो, आणि तिथल्या पठारांवर, कड्यांवर घोडा नेताना त्या पट्ट्या मला फार सलतात. प्लेस्टेशन ५ जोडणार असाल तर प्रश्नच मिटला, तो एकवीस बाय नऊ देतच नाही.

उलट 'युरो ट्रक सिम्युलेटर २' घ्या. साध्या पडद्यावर आरसा बघायला मान फिरवण्याचं बटण दाबावं लागतं. अल्ट्रावाइडवर समोर रस्ता, डोळ्याच्या कोपऱ्यात दाराचा आरसा, त्यात मागून येणारी गाडी. रुंदीचा उपयोग काय, हे कुणाला दाखवायचं असेल तर मी हाच गेम लावतो. बत्तीस बाय नऊवर, म्हणजे दोन २७ इंची एकमेकांना चिकटवल्यासारख्या त्या ४९ इंची पडद्यावर, हे सुख दुप्पट व्हायला हवं, पण तसं होत नाही. सपाट चौकटीत फार रुंद दृश्य मांडलं की कडेच्या गोष्टी आडव्या ताणल्या जातात. मधल्या ट्रकचं चाक गोल, कडेच्या ट्रकचं लंबगोल. मामांनी हाक मारली असती. गाडी आणि विमान चालवणाऱ्यांना ते चालतं, कारण त्यांची नजर मध्यावर खिळलेली असते. इतरांनी हा पडदा आधी कुणाकडे तरी तासभर वापरून पाहावा.

आणि काउंटर-स्ट्राइकचे मुरलेले खेळाडू आजही १२८० बाय ९६० वर, म्हणजे चारास तीनवर खेळतात, तेही मुद्दाम पडदाभर ताणून. बाजूचं कमी दिसतं हे त्यांना मान्य आहे. समोरचा माणूस रुंद दिसतो, एवढं त्यांना पुरतं. सायबर कॅफेतला तो आकार अजून जिवंत आहे, तो असा.

ग्राफिक्स कार्डाचा हिशेब थोडक्यात सांगतो, पुढे त्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. २५६० बाय १४४० म्हणजे सुमारे ३७ लाख पिक्सेल, ३४४० बाय १४४० म्हणजे साडेएकोणपन्नास लाख. तिसऱ्या हिश्श्याने काम वाढलं. ५१२० बाय १४४० ला ते थेट दुप्पट होतं. कार्ड जेमतेम असेल तर रुंद पडद्यावर गेम अडखळेल, आणि अडखळणारं रुंद चित्र पाहण्यापेक्षा सुरळीत चालणारं अरुंद चित्र केव्हाही बरं.

जुन्या मराठी सिनेमावर प्रेम असलेल्या वाचकाला मला वेगळं सांगायचं आहे. 'संत तुकाराम' ३४ इंची अल्ट्रावाइडवर लावलात तर चित्राची रुंदी १८ इंच, आणि दोन्ही बाजूंना साडेसहा इंचांहून अधिक काळं. २७ इंचीवरही चित्र तेवढंच दिसतं, कारण उंची सारखीच. म्हणजे रुंद पडदा घेऊन तुमचं काही जात नाही, फक्त रिकामी जागा जास्त दिसते. ती जागा किती काळी दिसते यावर बरंच अवलंबून आहे. आयपीएस पॅनेलवर अंधाऱ्या खोलीत ती राखाडी उजळते आणि नजर खेचते. ओलेडवर ती नाहीशी होते, आणि तुकाराम झालेल्या विष्णुपंत पागनीसांचा चेहरा तंबूतल्या पडद्यासारखा अंधारात एकटा उजळतो. एक विनंती आहे. घरात कुणी रिमोट घेऊन ते चित्र पडदाभर ताणायला निघालं, तर त्यांना थांबवा. दिग्दर्शक दामले-फत्तेलालांनी ती माणसं रुंद करून ठेवलेली नव्हती.

पुढच्या प्रकरणांत प्रत्येक आकाराची मापं, चालणारे आणि न चालणारे गेम, वक्र पडदा कुणाला हवा आणि कुणाला नको, हे सगळं सविस्तर येईल. त्याआधी वाचकाने पॉवर्ससारखे कागद कापावेत असं मला वाटतं. जुनी वर्तमानपत्रं चिकटवून २७ इंचीसाठी २३.५ बाय १३.२ इंच, ३४ इंचीसाठी ३१.४ बाय १३.१, ४९ इंचीसाठी ४७.२ बाय १३.३. टेबलामागच्या भिंतीवर लावा आणि राहू द्या.

पुतण्याने तसं केलं. त्याचं टेबल तीन फुटांचं. ३४ इंचीचा कागद लावल्यावर दोन्ही बाजूंना मिळून साडेचार इंच उरले, स्पीकरना जागा राहिली नाही. त्या कागदावर तो रोज रात्री पेन्सिलीने लिहीत गेला, आज काय पाहिलं, काय खेळलं, त्याचा रेशो काय. दोन आठवड्यांनी मी पाहिलं तर व्याख्यानं, क्रिकेट, व्हॅलोरंट, पुन्हा व्हॅलोरंट, आणि रुंद सिनेमे फक्त दोन. त्याने २७ इंची घेतला. ते दोन सिनेमे बघायला तो माझ्याकडे येतो, आणि दिवा मी बंद करतो.